डांगरवाडीवरच्या मधमाश्या

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, सातव्या महिन्यात हिवताप आला आणि एवढा लांबचा प्रवास तिला झेपायचा नाही असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. ती दिलेली मूलला, चांदा जिल्ह्यात. आम्ही राहणार जावळीच्या खोऱ्यात, महाबळेश्वराच्या पायथ्याशी. तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचं असं ठरलं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून माहेर म्हणजे मी.

माझे वडील मधपाळ आहेत. घरामागच्या उतारावर जांभळीखाली आमच्या मधमाश्यांच्या पेट्या असतात. मी लग्न होऊन शेजारच्याच गावात गेले, तरी त्या पेट्यांचं निम्मं काम अजून मीच करते. निघताना वडिलांनी एक रिकामी पेटी सुटी करून, तिच्या फळ्या नि चौकटी दोरीने बांधून माझ्यासोबत दिली. तिकडे रान दाट आहे म्हणतात, बाळंतपणाला अवकाश असला तर हाताला काही उद्योग असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. वाटेत ज्याने त्याने त्या गाठोड्याची चौकशी केली. वर्ध्याच्या पुढे एका तिकीट तपासनिसाने ती बाजाची पेटी आहे असं ठरवूनच टाकलं आणि एखादं भजन म्हणा म्हणून आग्रह धरला. मधमाश्यांची पेटी आहे म्हटल्यावर मात्र ती रिकामी आहे हे ऐकून घ्यायलाही तो थांबला नाही.

मूल

चांद्याहून मूलला छोटी गाडी जाते. डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात, आणि चाल अशी की खाली उतरून लघवीला गेलेला माणूस धावत येऊन पुन्हा चढतो. दोन्ही अंगांना साग आणि मोह. होळी नुकतीच झालेली. पळसाचा बहर संपत आला होता आणि गळून पडलेल्या फुलांनी रुळांच्या कडा केशरी झाल्या होत्या.

मूल हे भाताचं गाव. गिरण्यांमधून उडणारा कोंडा घरांच्या कौलांवर, चिंचेच्या पानांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेला असतो. कुसुमचे यजमान माधवराव अशाच एका गिरणीत मिस्त्री आहेत. त्यांचे वडील लाकडाच्या कामासाठी साताऱ्याकडून इकडे आले आणि इकडचेच झाले. हा सगळा मुलूख नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आहे, पण गावात त्याचा फारसा पत्ता लागत नाही. लोक आधीसारखेच अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात. आमची कुसुमही त्यांच्यातलीच झालेली. दारात मला मिठी मारून म्हणाली, "ताई, तू आली तं मले किती बरं वाटलं!" आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच हसत सुटली.

आमच्याकडे सकाळी भाकरी. इथे रात्रीचा भात ताकात कालवून, वर कच्चा कांदा. उन्हाच्या देशात हेच शहाणपणाचं, हे मला दोन दिवसांत पटलं. वरण लाखोरीच्या डाळीचं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, किंचित आंबूस वास अंथरुणापर्यंत येतो. कुसुमची तब्येत आता चांगली होती. दिवस भरायला वेळ होता, आणि सासूबाई मला कशालाही हात लावू देत नव्हत्या. वडिलांचं खरं झालं. मी ओट्यावर बसून पेटी जोडायला घेतली.

ती पेटी पाहून शेजारचे उस्मानभाई आले. ते मोहफुलं, हिरडा, डिंक, मध अशा रानातल्या मालाचे व्यापारी. पांढरी दाढी, हळू बोलणं. चौकटी खालीवर करून पाहिल्यावर ते आपल्या वखारीतून मधाचा डबा घेऊन आले. मध काळपट होता, धुराचा वास मारत होता आणि तळाशी पिल्लांचा पांढुरका गाळ होता. पोळं जाळून, सगळंच्या सगळं पिळून काढलेला मध असाच असतो, आणि तो लवकर आंबतो. मी तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. आंबतो हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांची काळजी दुसरीच होती.

"पह्यले सहद या नदीच्या काठानंच भेटे," ते म्हणाले. "आता माणूस आत आत जाऊन राह्यला, तरी डबा भरत नाई. आन् नुसतं सहद नाई बाई. दोन साल झाले, नदीवरचे टरबूजबी बसले."

टरबूज म्हणजे आपलं कलिंगड. वैनगंगेचं पाणी उतरलं की मासेमारी करणारे धिवर लोक तिच्या वाळूत वेलांची लागवड करतात. त्या मळ्यांना इथे डांगरवाडी म्हणतात. एकेकाळी मूलच्या बाजारात चैत्रात टरबुजांच्या राशी लागत. दोन वर्षांत वेल भरघोस वाढले, फुलं आली, पण फळं धरलीच नाहीत. मध आटला आणि फळं गळाली, या दोन गोष्टी उस्मानभाईंनी एका दमात सांगितल्या. मला त्या एकाच गोष्टीची दोन टोकं वाटली. ते दर आठवड्याला नदीकाठच्या टोल्यावर, म्हणजे धिवरांच्या वस्तीवर, माल आणायला जात. मी त्यांच्या बैलबंडीतून येऊ का असं विचारलं. कुसुमने आधी डोळे वटारले, मग शिदोरी बांधून दिली. जोडलेली पेटीही मी बंडीत चढवली.

वैनगंगा

आमची कृष्णा वाईला असते तशी नदी मी मनात धरली होती. वैनगंगा पाहिल्यावर बैल का थांबले हे कळायच्या आधी मीच बंडीतून उतरले. पाणी एका कडेला सरकलेलं, आणि बाकी सगळी पांढरी वाळू, पलीकडच्या गडचिरोलीच्या रानापर्यंत. वाळूत हिरवे चौकोन: डांगरवाड्या. काठावर एक अवाढव्य अर्जुनवृक्ष, आणि त्याच्या उंच फांद्यांना आग्या माशीची पोळी लटकलेली, सुपासारखी. आग्या म्हणजे मोठी रानमाशी. ती ऋतूमागून जागा बदलते, आणि चिडली तर माणसाला जिवंत सोडत नाही.

सोनाबाईंची वाडी त्या झाडासमोरच होती. पन्नाशीच्या, काटक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. वाडीच्या चारी कोपऱ्यांना मडक्यांत शेण नि कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवलेला. मला वाटलं डासांसाठी असेल. उस्मानभाईंनी माझी ओळख करून दिली, बाई माश्या पाळते म्हणून, तशा त्या हातातली खुरपी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"माश्याच तं आमाले खाऊन राह्यल्या, बाई," त्या म्हणाल्या. "फुलातला रस पिऊन जातेत. मंग फळ काह्यानं वाढन?"

मी हसले नाही. आमच्याकडेही घेवड्याच्या शेतकऱ्यांनी याच समजुतीने वडिलांना पेट्या उचलायला लावल्या होत्या. मी सोनाबाईंना वेल दाखवायला सांगितला. पानं निरोगी होती, फुलं भरपूर. पण फुलामागचं इवलं फळ बोराएवढं होऊन पिवळं पडत होतं आणि बोट लावताच देठातून गळत होतं. वाळूवर तशी शेकडो पडलेली. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा थोडी फळं गळाली, तेव्हा त्यांनी अर्जुनावरची पोळी जाळवली. पुढच्या वर्षी जास्त गळाली, तेव्हा काठावरची सगळीच जाळवली, आणि ही धुमसती मडकी ठेवली. या वर्षी अर्जुनावर माश्या पुन्हा आल्या होत्या आणि येत्या अमावस्येला त्या जाळायचं ठरलंही होतं.

सोनाबाईंचा मुलगा नामदेव वाडीतच पाणी घालत होता. लग्न झालेला, अबोल गडी. यंदाही फळ धरलं नाही तर तो बायको-मुलांना घेऊन माजरीला, कोळशाच्या खाणीवर जाणार होता. त्याच्या आधी गावातली दोन घरं गेली होती. हे त्याच्या आईने सांगितलं. तो वाफ्याला पाणी घालत राहिला.

सांगून पटण्यासारखी गोष्ट नव्हती ती. मी सोनाबाईंना दोन तऱ्हेची फुलं दाखवली. एकामागे पोट असतं, एकामागे नसतं. पोटाचं फूल आम्हाला माहीत आहे, त्या म्हणाल्या, लहानपणापासून बघत आलो. मग मी बिनपोटाचं फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढल्या आणि त्याची पिवळी पूड पोटाच्या फुलाला हलकेच पुसली. माशी हेच करते. रस पिते ती मजुरी. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. तेवढ्यात हा स्पर्श झाला नाही तर मागचं फळ गळतं.

सोनाबाईंचा विश्वास बसला नाही, पण नामदेव पाण्याची घागर खाली ठेवून पुढे आला. "पाहू दे ना माय," तो म्हणाला. "आठ दिस तं जातीन." त्याने जाळं विणायचा दोरा आणला. मी पुसलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला त्या दोऱ्याचा सैल फेरा बांधला. दुपारी सोनाबाईंनी नदीतल्या झिंग्यांचं अंबाडी घातलेलं कालवण आणि भात वाढला. माझ्या म्हणण्यावर विश्वास नसताना त्यांनी मला दोनदा वाढलं, हे मला आवडलं.

पलीकडचं रान

पोळी जाळणारा माणूस पलीकडच्या काठावर राहत होता. लच्छू मडावी, गोंड, माझ्याच वयाचा असेल. त्याचा बाप, आजा, सगळे मध काढणारे. त्याची भेट घ्यावी म्हणून उस्मानभाईंनी मला पेटीसकट डोंग्यातून पार नेलं. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडाची कोरलेली होडी. तिच्यात बसताना मी डावीकडे कलले आणि माझी शिदोरी वैनगंगेने घेतली. डोंगेवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या वेळी नदी काहीतरी ठेवून घेतेच, असं त्याने सांगितलं.

जोहार झाला. मी माझं काम सांगितलं: मला सातेरी माशीचं घर हवं होतं, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात असणारं. आग्या माशी पेटीत राहत नाही, सातेरी राहते. लच्छूला याचं नवल वाटलं. सातेरीच्या घरात ओंजळभर मध, त्यासाठी कोण एवढे कष्ट घेईल? पण माझी शिदोरी बुडाल्याचं कळल्यावर त्याच्या बायकोने आधी पानाच्या द्रोणात आंबील दिली, मग शिजवलेली मोहफुलं, तीळ घालून. आणि मग आम्ही रानात गेलो.

चैत्र लागायच्या आधीचं ते रान म्हणजे पानगळीतला उजेड. सावली नावाला नाही, आणि तरी सगळीकडून गुणगुण ऐकू येते. करंज फुलू लागला होता. चारोळीची झाडं इवल्या फळांनी भरलेली. बायका मोहाखाली वाकून फुलं वेचत होत्या. आमच्या घाटातलं रान उभं आणि ओलं. हे रान आडवं पसरलेलं, कोरडं. पण फुलावरची माशी तीच. घरापासून इतक्या लांब आल्यावर ओळखीचं माणूस भेटावं तसं मला झालं. पाणी, खत, बियाणं हे माणसाला दिसतं म्हणून तो त्याची काळजी करतो. माशी दिसते ती डंखाने. तिने केलेलं काम फळात जिरून जातं.

लच्छूने दाखवलेलं घर जुन्या वारुळात होतं. मी धूर केला, थोडथोडं उकरलं. मधाचा भाग बाजूला ठेवला आणि पिल्लांची पोळी अखंड कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली. हे चाललं असताना लच्छू उकिडवा बसून अगदी जवळून बघत होता. पिल्लं मी परत का बांधतेय, हे त्याने विचारलं. हीच पुढच्या महिन्यातल्या माश्या, मी म्हटलं, ही गेली तर घर संपलं. तो आणखी पुढे वाकला.

"आमी तं हेबी पिळून टाकतो," तो म्हणाला. "आगीत पडते, नाई तं डब्यात."

राणी सापडायला ऊन उतरेपर्यंत वेळ गेला. ती पेटीत शिरल्यावर बाकीच्या तिच्यामागून रांगेने आत गेल्या, आणि ते पाहून लच्छूच्या बायकोने पदर तोंडाला लावला. त्या गडबडीत एक माशी माझ्या पापणीला चावली. मूलला परतले तेव्हा माझा एक डोळा बंद होता. कुसुमच्या सासूबाईंनी हळदीचा लेप लावला, आणि माहेरून मदतीला आलेल्या पाहुण्या बाईची सेवा करायची पाळी आपल्यावर आली, हे येईल-जाईल त्याला आनंदाने सांगितलं.

पेटी मी सोनाबाईंच्या वाडीच्या काठावर ठेवून आले होते. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की माश्या निघून गेल्या. जाऊन पाहिलं तर त्या जवळच्याच बाभळीच्या फांदीला घोस करून लटकल्या होत्या. दोष माश्यांचा नव्हता. मी पेटी आमच्या थंड हवेच्या हिशेबाने उघड्यावर ठेवली होती, आणि इथलं ऊन तिला भाजून काढत होतं. नामदेवने घोसावर पाणी शिंपडलं, मी फांदी पेटीवर झटकली, आणि पेटी जांभळीच्या दाट सावलीत नेली. तिचे पाय पाण्याच्या मातीच्या वाट्यांत ठेवले, मुंग्या चढू नयेत म्हणून. संध्याकाळपर्यंत दारावर पहारेकरी माश्या उभ्या राहिल्या. मग मी जेवले.

अर्जुनाखाली

आठवड्याने मी पुन्हा गेले तेव्हा सोनाबाई वाळूत बसलेल्या होत्या. त्यांच्यापुढे एका वेलाच्या देठाला जाळ्याचा दोरा होता आणि त्याच्या खाली मुठीएवढं, हिरवं, लवदार फळ. दोऱ्याची बहुतेक फळं धरली होती. बिनदोऱ्याची बहुतेक गळाली होती. त्या प्रत्येक दोऱ्यापाशी जाऊन बसत होत्या आणि फळाला हात न लावता बघत होत्या.

"दोन साल मीच जाळत होती," त्या म्हणाल्या. "आपल्याच हातानं."

त्या उठल्या आणि चारी मडक्यांत एकेक करून वाळू भरली. धूर थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावरच्या सगळ्या बायका आपापल्या वाडीत फुलं पुसत होत्या. सोनाबाईंकडेच मुक्काम ठेवून मी त्यांच्यात फिरत होते, आणि माझ्या डोक्यावरून जांभळीखालच्या पेटीतल्या माश्या जा-ये करत होत्या. अर्जुनावरच्या मोठ्या माश्याही आता वाडीत उतरू लागल्या. एका पेटीने सारी नदी पिकत नाही. मला खरी आशा त्या झाडावरच्या माश्यांची होती, आणि अमावस्या जवळ आली होती.

लच्छू ठरल्याप्रमाणे आला, दिवेलागणीच्या आधी, गवताच्या मशाली आणि दोर घेऊन, भावाला सोबत घेऊन. सोनाबाई झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्या आरडाओरडा करत नव्हत्या. जाळू नको, एवढंच त्या म्हणत होत्या. लच्छू गोंधळला, मग त्याला राग आला, आणि तो राग खोटा नव्हता. त्यांनीच बोलावलं होतं. त्या मधावर त्याच्या घरचं वर्षाचं मीठ नि कापड येतं. तुमचं टरबूज वाचवायला मी काय खायचं, असं तो नामदेवला विचारत होता. मला वाटलं, इथवर आलेलं सगळं आता मोडणार.

मी मध्ये पडले. आग्या माशीच्या पोळ्याला मी आयुष्यात हात लावलेला नाही, हे मी आधी सांगितलं. पण तिच्याही पोळ्यात मध एका बाजूला, वर फांदीपाशी असतो आणि पिल्लं खाली. मशाल न लावता, नुसत्या ओल्या पाल्याच्या धुराने माश्या सरकवून फक्त मधाचा भाग कापता आला, तर पिल्लांसाठी त्या परत येतील, असं मला वाटत होतं. खात्री नव्हती. चढणारा तो होता, मी नव्हे. तेव्हा हे मी त्याला करायला सांगू शकत नव्हते, फक्त बोलू शकत होते.

लच्छूने वर पाहिलं. भावाशी गोंडीत काही बोलला. मग मशाली झाडाच्या मुळाशी ठेवल्या आणि म्हणाला, "सकाळी पायतो. उजेडात."

सकाळी आम्ही सगळे ओली गोणपाटं पांघरून दूर वाळूत बसलो. लच्छू अंगाला कसला तरी पाला चोळून चढला. एका हातात धुमसती जुडी, कमरेला टोपली नि विळा. पहिल्या पोळ्याजवळ पोचला तेव्हा माश्यांची काळी चादर हलली, उठली आणि आभाळ भरून गेलं. तो आवाज मी विसरणार नाही. छातीत वाजत होता. लच्छूचा हात हळूहळू चालत होता, त्याला कुठेही घाई नव्हती. टोपली दोराने खाली आली. मग तो दुसऱ्या पोळ्याकडे गेला, आणि नंतर एकदम भराभर उतरला. खांद्यावर, मानेवर, ओठावर डंख होते. सकाळी नदी पार करून आलेली त्याची बायको पाण्यात फडकं भिजवून त्या डंखांवर ठेवत राहिली.

आता माश्या परततात की निघून जातात, हा प्रश्न होता. कापलेली पोळी फांदीला उघडी लटकत होती, पांढरीफटक. दुपारपर्यंत माश्या नुसत्या घिरट्या घालत राहिल्या. कोणी जेवायला उठलं नाही. सोनाबाईंनी नजर झाडावरून काढली नव्हती. आधी एका पोळ्याच्या टोकाला एक ठिपका दिसला. मग तो पसरत गेला, आणि ऊन कलतं होईपर्यंत दोन्ही पोळी पुन्हा काळी, हलती झाली.

लच्छू हसला. सुजलेल्या ओठाने त्याला नीट हसताही येईना. टोपलीतला मध त्याने पानावर काढून आधी सोनाबाईंना दिला, मग माल न्यायला आलेल्या उस्मानभाईंना. उस्मानभाईंनी तो उजेडात धरून पाहिला. त्यात राख नव्हती, गाळ नव्हता. असा मध आणशील तर जाळून काढलेल्यापेक्षा जास्त भावाने घेईन, असं त्यांनी तिथेच कबूल केलं. महिनाभराने त्याच पोळ्यांत पुन्हा मध भरेल हे मी सांगितल्यावर लच्छूने भावाकडे पाहिलं. आजवर ते एका झाडावर वर्षातून एकदाच चढत होते, कारण एकदा चढल्यावर तिथे काही उरतच नव्हतं.

बाजार

त्यानंतर मला नदीवर जाता आलं नाही. कुसुमला मुलगी झाली. रंग आमच्या आईचा, आवाज सासूबाईंचा. बारसं झालं, पेजेची भांडी घासली, रात्रीची जागरणं वाटून घेतली, आणि बघता बघता चैत्र सरत आला. नदीकडच्या बातम्या उस्मानभाई आणत. पेटीत नवी पोळी बांधली गेली. लच्छूने दुसरी सातेरी वारुळातून काढली आणि माधवरावांनी गिरणीतल्या जुन्या फळ्यांची तिच्यासाठी पेटी करून दिली. चौकटी जरा तिरक्या झाल्या, पण माश्यांनी तक्रार केली नाही. नामदेवने माजरीचं नाव काढणं सोडलं होतं.

मी निघायच्या आदल्या दिवशी मूलचा बाजार होता. कुसुमसाठी अळीव नि डिंक घ्यायला म्हणून गेले. भाताच्या पोत्यांपलीकडे, चिंचेखाली, हिरव्यागार टरबुजांची रास लागलेली होती, आणि रासेमागे सोनाबाई. मला पाहताच त्यांनी एक टरबूज कापलं. आत लालभडक, काळ्या बियांचं. एक बी म्हणजे फुलातल्या पिवळ्या पुडीचा एक कण, आणि तो कण कोणीतरी पायाला चिकटवून आणलेला. मी खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळला, तो पुसायचंही भान राहिलं नाही.

गिऱ्हाइकं जमली होती. शहरी टोपी घातलेला एक गृहस्थ फोड हातात घेऊन चव बघत होता. फोडीच्या कडेवर एक मधमाशी येऊन बसली. त्याने झटकन दुसरा हात उगारला.

सोनाबाईंनी त्याचं मनगट वरच्या वर धरलं. "मारू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "थे आमच्या घरची हाय."